बोटीचा वाटा

सून : उद्यावर टाकायचं नाही, भाऊजी. आज दुपारी म्हणजे आज दुपारी.

दीर : वहिनी, आधी बसा तरी. टेकडी चढून आलात, बोलताना धाप लागतेय. ते स्टूल ओढा. जरा जपून, त्या तारेला पाय लावू नका, अख्ख्या वस्तीचं इंटरनेट त्या एका तारेवर लोंबकळतंय.

सून : बसायला नाही आले मी. ऊन डोक्यावर यायला किती वेळ आहे?

दीर : आहे अजून. दादाची बोट इंटरनेटचा वाटा मागायला लागेल तेव्हा लागेल. हल्ली रोज थोडं उशिरानेच मागते.

सून : आणि रोज लवकर गप्प होते. कमी कमी होत चाललंय ते. मला दिसत नाही का? रोज इथेच तर येऊन उभी असते मी.

दीर : बॅटरी संपत आलीय वहिनी. वर सोलरची पट्टी आहे, ऊन कडक झालं की जरा जीव धरते. पण खारं वारं, खारं पाणी. किती तग धरणार?

सून : म्हणून म्हणते, आज. त्यात वस्तीच्या समितीने काल ठराव करून ठेवलाय. नुसतं मागतात, पाठवत काही नाहीत, अशी सगळी कनेक्शनं संध्याकाळी बंद.

दीर : सगळी म्हणजे एकच आहे तसं. नाव घ्यायची लाज वाटली म्हणून ‘सगळी’ लिहिलं त्यांनी.

सून : आणि बंद कोण करणार? तुम्ही.

दीर : मीच. दुसरं कोण आहे इथे? वाटे पाडणारा हा गेटवे माझ्या ताब्यात, शिव्याही माझ्याच वाट्याला.

सून : बरं, ऐका. सकाळपासून मी घरोघर फिरलेय. लोकांना जे सांगितलं ते तुम्हाला सांगते, कुठे चुकलं असेल तर तिथेच टोका. मला कुणाला फसवायचं नाहीये.

दीर : सांगा.

सून : ज्या वादळात हे गेले, त्याच वादळात कुठल्या तरी जहाजाचा नांगर घसरला आणि समुद्राखालची केबल तुटली. ती काही अजून जोडलेली नाही. तेव्हापासून सगळी वस्ती ह्या छपरावरच्या एका डिशवर जगते. बरोबर?

दीर : बरोबर.

सून : डिश एकच आणि मागणारे फार. म्हणून हा तुमचा गेटवे मागेल त्याला सारखा वाटा देतो. थोडा वेळ ह्याला, मग पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला. दवाखाना असो, शाळा असो नाहीतर लॉज.

दीर : आणि हा नियम आणला कुणी, ते सांगितलंत की नाही?

सून : ते सांगायला कशाला लागतंय? सगळ्यांना आठवतंय. सभेत टेबलावर हात आपटला होता ह्यांनी.

दीर : कप पडला होता अध्यक्षांचा. लॉजवाला एकटा सगळं ओढून घ्यायचा आणि बाकीच्यांची पोरं परीक्षेच्या वेळी टाचा घासत बसायची. दादा म्हणाला, मागेल त्याला सारखं, मोठा नाही की धाकटा नाही. मी म्हटलं, अरे, बोलणं सोपं आहे, बसवायचं मला आहे. तर म्हणाला, मग बसव.

सून : आणि आता त्या सारख्या वाट्यातच ह्यांचा आवाज अडकलाय. ते पण सांगितलं मी. की ह्यांच्या बोटीवरच्या यंत्राच्या पोटात एक निरोप आहे, त्या दिवशी भरलेला. बाहेर पडला नाही म्हणून ते यंत्र रोज मागतं. वाटा मिळतो, पण ते इतकं अशक्त झालंय की दुसऱ्याचं पानभर बोलून होतं तेवढ्यात ह्यांचं अक्षरसुद्धा धड होत नाही. तेवढ्यात वेळ संपतो, पुढच्याचा नंबर लागतो. परत ह्यांचा नंबर आला की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. चुकलं कुठे?

दीर : नाही. परवा कंपनीच्या इंजिनियरने फोनवर मला हेच समजावलं. तोपर्यंत मी मूर्खासारखा समजत होतो की यंत्र बिघडलंय आणि उगाच मागत बसलंय.

सून : तुम्ही एकटेच नाही. मी पण तसंच समजत होते. लोकांनी दया येऊन मधूनमधून आपला वाटा त्यांना दिला, आठवतं? आज न्हाव्याने, उद्या शाळेच्या बाईंनी.

दीर : आणि तो सगळा फुकट गेला. तुकडे देऊन काय उपयोग? त्याला अखंड हवंय. मध्ये कुणाचाही नंबर यायला नको, एका घराचाही नाही.

सून : तर तेच आणलंय मी. सगळ्यांनी दिलाय आपला वाटा. आज दुपारी, बोटीने मागायला सुरुवात केल्यापासून ती थांबेपर्यंत.

दीर : सगळ्यांनी?

सून : फोन येतील तुम्हाला. तुमची रीतच आहे ना, ज्याने त्याने स्वतः फोन करून सांगायचं की आमचा वाटा अमक्याला द्या. शाळेच्या बाई तर तास सोडून दारात आल्या. नर्स म्हणाली, सकाळीच डॉक्टरांशी सगळं बोलून घेते, दुपारी माझं काही नाही.

दीर : शाळेचा आलाय फोन. न्हाव्याचाही. दुकानदाराचा आला तेव्हा मला वाटलं, हे आज सगळ्यांना झालंय तरी काय. आणि लॉजवाला? तो तर गिऱ्हाईकांसाठी जीव टाकतो.

सून : त्याने मान खाली घालून ऐकलं आणि आत जाऊन स्वतःच्या हाताने मशीन बंद करून आला. चहा घ्या म्हणाला. मी नाही घेतला.

दीर : त्या दिवशी केबल तुटली तशी सगळी वस्ती ह्या डिशवर तुटून पडली होती वहिनी. त्या गर्दीत दादाची हाक पोचली नसेल, हे लोकांच्या मनात असतंच. बोलत नाहीत. पोरं मात्र बोलतात, गेटवेत दुपारचं भूत मागायला येतं म्हणून.

सून : पोरं खरं तेच बोलतात. मला दुपारी घरात बसवत नाही भाऊजी. भिंतीतून कुणीतरी वाटीभर काहीतरी मागतंय आणि माझे हात रिकामे आहेत असं वाटत राहतं. भांडी घासायला घेते, तरी ऐकू येतं, मग वर चढून येते.

दीर : तुम्ही पोचायच्या आधी मी इथे एकटा असतो आणि पडद्यावर त्याची ओळ उमटते, तेव्हा मी उठून उभा राहतो. बसून बघवत नाही. वेडेपणा आहे, कळतंय मला.

सून : मग आज संपवू या.

दीर : एक घर राहिलं, वहिनी.

सून : माहितेय.

दीर : आईला विचारलंत?

सून : नाही विचारलं. तुमची आई आहे, तुम्ही विचारा.

सासू : काय विचारायचं राहिलंय मला?

दीर : अगं आई! किती वेळ झाला येऊन?

सासू : आत्ताच येतेय. ह्या तुझ्या टेकडीने गुडघ्यांचं पार भजं केलं माझं. पंखा लाव जरा. आणि ही अशी उभी का? पाहुणीसारखी? बस गं. आला का रे तो?

दीर : नाही अजून.

सासू : येईल. पहिल्यापासून उशिरा उठायची खोड. शाळेला जायचं तेव्हा पाणी मारायचे मी तोंडावर. हा फोन जरा बघ रे, चार्ज आहे ना पुरेसा? काल मध्येच बंद पडला, जीव नुसता टांगणीला.

दीर : आई, आज फोन लावू नकोस.

सासू : का? आज काय आहे?

सून : आई, आज सगळ्या वस्तीने आपला वाटा ह्यांच्या बोटीला दिलाय. पोटात अडकलेला निरोप आज पुरता बाहेर पडेल. आपल्याला ऐकता येईल.

सासू : आणि मग?

सून : मग काय?

सासू : मग उद्या दुपारी मागेल का तो?

दीर : नाही आई. निरोप पोचला की मागणं थांबतं. त्याच्यासाठीच तर मागतंय ते. आणि तेवढं बोलण्यात बॅटरीही जाईल उरलीसुरली.

सासू : म्हणजे उद्या मी फोन लावला तर?

दीर : लागणार नाही.

सासू : मग नको.

सून : आई...

सासू : नको म्हटलं ना! तुम्हाला काय घाई झालीय त्याला गप्प करायची? मागतोय ना? मागू दे की. भिकाऱ्यालासुद्धा दारातून असं कुणी उठवत नाही.

सून : उठवत नाही आम्ही. त्यांचं ऐकून घेतोय. इतके दिवस कुणी ऐकलंय का त्यांचं?

सासू : मी ऐकते. रोज. मी फोन लावते आणि तिकडे रिंग जाते. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. कुठेतरी पाण्यावर वाजतंय ना ते? मग झालं तर.

सून : पण तिथे उचलणारं कोणी नाहीये आई. शोधून शोधून थकले लोक. तुम्हालाही माहितेय.

सासू : उचलावं म्हणून कोण लावतंय? वाजावं म्हणून लावते मी. मला काय खुळी समजतेस? गेला तो, मला कळत नाही? मी त्याची आई आहे, तुझ्या आधी कळलंय मला. पण त्याच्या जागेवर काहीतरी वाजतंय अजून, तेवढं राहू दे मला.

दीर : आई, संध्याकाळी मला ते कनेक्शन बंदच करावं लागणार आहे. समितीचा ठराव आहे.

सासू : चुलीत गेली ती समिती. तू बंद करू नकोस, बघू कोण येतंय वर चढून.

दीर : मी नाही केलं तरी आठवड्याभरात ते आपोआपच बंद पडेल.

सासू : पडू दे की. आपोआप विझलं तर विझलं. आपल्या हाताने फुंकर कशाला मारायची?

सून : मला हवंय ते आई! मला! तुम्ही रोज इथे येऊन रिंग ऐकता, घरी जाता आणि भात खाता. मी काय ऐकू? त्या दिवशी सकाळी आम्ही बोललो नव्हतो. कारण सांगितलं तर हसाल, ओला टॉवेल गादीवर टाकला म्हणून. ते डबा न घेता निघाले आणि मी हाक मारली नाही. दारात उभी होते, तरी मारली नाही. ते रागातच गेले का, एवढंच मला कळायला हवं. एवढ्याने मी मरत नाही, पण जगताही येत नाही मला.

सासू : टॉवेलवरून?

सून : त्या निरोपात माझं नाव नसलं तरी चालेल. शिव्या असल्या तरी चालेल. पण काहीतरी आहे तिथे. आणि ते मला मिळू नये म्हणून तुम्ही दाराला पाठ लावून बसलात.

सासू : मी कुठे काय अडवतेय? माझा एवढासा फोन. माझ्या एका रिंगने काय होतंय? सगळ्यांनी वाटा दिलाय ना? घ्या ऐकून, मी आपली एकीकडे लावते.

दीर : नाही जमत तसं.

सासू : का नाही जमत?

दीर : आई, ते यंत्र म्हातारं झालंय. त्याला एका वेळी एकच जमतं, बोल नाहीतर ऐक. तुझी रिंग गेली की ते बोलायचं थांबतं आणि ऐकायला वळतं. तुझी रिंग संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं.

सासू : म्हणजे काय?

दीर : म्हणजे... जाऊ दे.

सासू : जाऊ दे नाही. नीट सांग. म्हणजे रोज तो बोलायला लागतो आणि मी त्याला गप्प करते?

दीर : फक्त तू नाही. सगळ्यांचेच नंबर मध्ये येत होते. पण आज सगळे थांबले आणि तू एकदा जरी लावलंस तरी मोडेल.

सासू : तुला कधी कळलं हे?

दीर : परवा.

सासू : आणि काल मी इथे बसून लावला तेव्हा तू चहा करत होतास.

दीर : काय सांगणार होतो? रिंग बंद केली असतीस तर जेवण पण बंद केलं असतंस. मी ओळखत नाही का तुला?

सासू : पूर्वीपासून मेली हीच सवय माझी. तो तोंड उघडायचा आणि मी पुढचं बोलून मोकळी व्हायचे. जेवलास का, कुठे होतास, कपडे का ओले. तो म्हणायचा, आई, मला पुरतं बोलू तरी दे.

सून : आई, रडू नका. तुम्हाला दुखवायला नाही बोलले मी.

सासू : रडत नाहीये. पंखा डोळ्यावर येतोय. हा धर. फोन धर माझा. बंद कर आणि तुझ्याकडेच ठेव, माझ्या बोटांना सवय आहे, नकळत लागेल. आणि तू बघतोस काय माझ्या तोंडाकडे? माझा पण वाटा लिही त्याच्या नावावर.

दीर : लिहितो. नर्सचा फोन येतोय, थांबा. ...हो ताई. हो, आत्ता. उपकार झाले. ...वहिनी, आता मी एकेक घर थांबवतोय. लॉज थांबलं. शाळा. दुकान. दवाखाना थांबला. इतकी रिकामी डिश मी कधीच बघितली नाही. बघा, पडद्यावर एकही ओळ नाही.

सासू : पंखा बंद कर. आवाज होतोय त्याचा.

दीर : पंख्याने काही होत नाही आई.

सासू : बंद कर म्हणते ना.

सून : भाऊजी, उमटली! ती बघा, ह्यांचीच ना?

दीर : दादाचीच. उभा राहिलो बघा मी, बसताच येत नाही. दिली. सगळी डिश त्याला दिली. आता हात लावायचा नाही कशाला.

सासू : बोलतोय का?

दीर : येतंय. थोडं थोडं. पूर्ण आल्याशिवाय वाजणार नाही. इथपर्यंतच यायचं रोज. ...ह्याच्या पुढे कधी गेलं नव्हतं. गेलं पुढे! वहिनी, अर्ध्याच्या पुढे गेलं.

सासू : दे तो फोन.

सून : आई, नको.

सासू : एकदाच. शेवटचं. नुसतं एकदा वाजू दे, मग ठेवते. अगं, संपेल ते! परत कधी वाजणार नाही! दे इकडे!

सून : नाही देणार. आई, माझा हात धरा. घट्ट धरा, दुखला तरी चालेल. पुरतं बोलू द्या त्यांना.

दीर : थोडंच राहिलंय. ओळ लुकलुकतेय, बॅटरी जातेय. चल दादा, चल रे. एवढं ओढ. एवढं ओढलंस की झालं.

सून : आलं?

दीर : आलं. अख्खं आलं. लावू?

सून : लावा.

(आधी नुसता वाऱ्याचा आवाज. मग एका पुरुषाचा, मोठ्याने बोलणारा.)

निरोप : अरे ऐक, मी बोलतोय. फोन लागत नाहीये म्हणून हे भरून ठेवतो. वारं एकदम फिरलं आणि इंजिनात पाणी गेलंय. खटपट चाललीय, होईल चालू. आईला सांगू नकोस हं काही, उगाच धक्क्यावर येऊन बसेल ती. आणि हिला सांग, जेवून घे म्हणावं, माझ्यासाठी थांबू नकोस. दाराला कडी लाव म्हणावं. मला उशीर होईल. ठेवतो.

सून : जेवून घे म्हणाले.

दीर : हो.

सून : रागात नव्हते. रागावलेला माणूस जेवून घे नाही म्हणत. हो ना भाऊजी? आवाज पण रागाचा नव्हता. घाईचा होता.

दीर : घाईचाच होता. राग आला की दादा बोलायचाच नाही, तुम्हाला तर माहितेय.

सून : माहितेय. मला माहितेय. अहो, जेवून घे म्हणाले ते मला.

दीर : वहिनी, ओळ गेली. आता काही मागत नाहीये.

सून : जाऊ द्या. ...बाकीच्यांचं चालू करा. खोळंबलेत सगळे. नर्सचं आधी.

दीर : करतो. आई? आई, काहीतरी बोल ना. ऐकलंस ना तू, काय म्हणाला ते?

सासू : मला नको विचारूस. आईला सांगू नको म्हणाला ना तो? मग मला कुणी काही सांगितलेलं नाही.